४६ नगांची टूल-पेटी: मोटरसायकलचं काम घरी करताना ती कुठे पुरते, कुठे अडवते

मोटरसायकल घरीच उघडायची असं ठरवलं की बहुतेकांच्या हातात आधी येते ती हीच पेटी. प्लास्टिकचा डबा, आत पाव इंची ड्राइव्हचा (म्हणजे गोटी बसते त्या चौकोनी टोकाचा) रॅचेट, ४ ते १४ मिमीच्या तेरा गोट्या (म्हणजे सॉकेट), ५० आणि १०० मिमीची एक्स्टेन्शन, सरकती टी-दांडी, स्क्रूड्रायव्हरसारखी मूठ, एक लवचीक दांडी, एक युनिव्हर्सल जोड, तीन-चार बारीक एलन चाव्या आणि उरलेल्या खाचांमध्ये फुली, चपटी, षटकोनी, तारेच्या आकाराची बिटं. ही पेटी कितीतरी नावांनी विकली जाते, पण आतला माल आणि मांडणी जवळपास एकच असते. म्हणून हे परीक्षण एखाद्या ब्रँडचं नसून या जातीच्या पेटीचं आहे.

निकाल आधीच देतो. गोट्या कामाच्या आहेत, त्या वापरा. फुलीची बिटं मोटरसायकलला लावू नका. रॅचेटने घट्ट बसलेलं काहीही सोडवू नका. आणि पेटीत नसलेली चार हत्यारं वेगळी घ्या: जपानी मापाचा फुलीचा स्क्रूड्रायव्हर, हातोड्याने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच (टॉर्क म्हणजे आवळण्याचा पिळाचा जोर) आणि फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या. घरच्या कामात डोक्याला जो ताप होतो, त्यातला मोठा वाटा कौशल्याच्या अभावाचा नसतो. स्क्रूचं डोकं आणि हत्याराचं टोक यांच्यात राहिलेल्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीचा असतो. कुठल्या हत्याराची फट किती आणि कुठे, हे कळलं की निम्मी कामं सरळ होतात.

गोट्यांपासून सुरुवात करू, कारण पेटीतला सर्वांत चांगला भाग तोच आहे. या गोट्या बहुधा सहा कोनांच्या असतात आणि मोटरसायकलसाठी तेच हवं. बारा कोनांची गोटी किंवा रिंग पाना बोल्टच्या कोपऱ्यांजवळच पकडतो, त्यामुळे जुन्या, थोड्या झिजलेल्या डोक्यावर तो घसरतो आणि उरलेले कोपरेही घेऊन जातो. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंवर जोर देते. तेरापैकी रोज हात पडेल तो ८, १०, १२ आणि १४ वर. जपानी पद्धतीच्या गाड्यांमध्ये ५ मिमीच्या बोल्टला ८ चं डोकं, ६ च्या बोल्टला १० चं, ८ च्या बोल्टला १२ चं आणि १० च्या बोल्टला १४ चं असतं. युरोपीय पद्धतीत ८ मिमीच्या बोल्टला १३ चं डोकं येतं. पेटीत १२ आणि १३ दोन्ही असल्यामुळे घोळ असा होतो की १२ च्या डोक्यावर १३ ची गोटी जवळजवळ बसल्यासारखी वाटते. गंजलेल्या, रंग चढलेल्या डोक्यावर तर ती बरोबर बसल्याचाच भास होतो. नेहमी लहान माप आधी लावून पाहा. ते बसलंच नाही तर मोठं घ्या.

इंजिनच्या कव्हरवर आणखी एक चकवा आहे. तिथले बरेच बोल्ट ८ मिमी डोक्याचे आणि फ्लँजवाले (डोक्याखाली रुंद कडा असलेले) असतात, पण आतली दांडी मात्र ६ मिमीची. लहान डोकं पाहून बोल्ट नाजूक समजू नका आणि १० च्या डोक्याचा दिसला म्हणून जास्त आवळूही नका. दोघांचे आटे सारखेच, दोघांचा टॉर्कही साधारण सारखाच.

गोट्यांची एक खरी कमतरता म्हणजे खोली. त्या उथळ आहेत. नटाच्या बाहेर स्टडचं, म्हणजे आट्यांच्या बिनडोक्याच्या दांडीचं, लांब टोक आलेलं असेल, म्हणजे सायलेन्सर जिथे सिलिंडर हेडला जोडतो तिथे, तर गोटी नटाच्या वरच्या कडेलाच धरते आणि तिरकी होते. एक्झॉस्टचे हे नट उष्णतेने आधीच भाजून निघालेले असतात, तिरक्या गोटीने कोपरे जातात किंवा स्टडच मोडतो. १० आणि १२ ची लांब गोटी सुटी घेऊन पेटीत टाका. याच कारणासाठी युनिव्हर्सल जोडही सांभाळून वापरा: वीसेक अंशांपेक्षा जास्त वाकवला की तो गोटीला एका बाजूला ढकलतो. लवचीक दांडी तर फक्त हातानेच सैल होतील अशा क्लिपांसाठी.

रॅचेटमध्ये दातांची संख्या पाहा. २४ दातांच्या रॅचेटला पुढचा दात पकडायला १५ अंश फिरावं लागतं, ७२ दातांच्या रॅचेटला ५ अंश. टाकीखाली, बॅटरीच्या डब्याजवळ, फ्रेमच्या नळ्यांमधल्या अरुंद जागेत हा फरक काम होणं आणि न होणं एवढा मोठा ठरतो. पण दात बारीक झाले की एकेका दातावर येणारा भार पेलायची ताकदही घटते, म्हणून घट्ट बोल्ट फोडायला रॅचेट वापरू नये. पहिला झटका टी-दांडीने द्या, बोल्ट सैल झाला की रॅचेट लावा. रॅचेटची कुत्री, म्हणजे आतली खटकी, भाराखाली सटकली तर हात सरळ रेडिएटरच्या पंखांवर किंवा स्प्रॉकेटच्या दातांवर जातो. जोर लावताना हत्यार आपल्याकडे ओढा, ढकलू नका. आणि ढकलावंच लागलं तर मूठ न आवळता उघड्या तळव्याने ढकला.

आता बिटांकडे येऊ. मोटरसायकलवर घरी होणाऱ्या नुकसानात फुलीच्या स्क्रूचा नंबर वरचा आहे आणि त्याचं कारण बहुतेकांना कोणी सांगितलेलंच नसतं. पेटीत येणारी फुलीची बिटं फिलिप्स मापाची असतात. जपानी कारखान्यांच्या आणि त्यांच्या पद्धतीवर बनलेल्या गाड्यांमध्ये मात्र स्क्रू जपानी मापाचे, जेआयएस पद्धतीचे, असतात. दोन्ही दिसायला सारखे. फरक टोकात आणि कोपऱ्यांच्या गोलाईत आहे: फिलिप्सचं टोक जेआयएसच्या खाचेत तळापर्यंत पोचायच्या आधीच अडतं, त्यामुळे ते फक्त वरच्या कडांवर धरतं. फिरवायला लागलं की बिट वर चढतं, कडा चाटून जातात आणि तीन-चार प्रयत्नांत फुलीच्या जागी गोल खड्डा उरतो. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर फुलीच्या शेजारी एक बारीक ठिपका असतो. ठिपका नसला तरी ओळखायची रीत सोपी आहे. स्क्रूड्रायव्हर खाचेत उभा ठेवून हात सोडल्यासारखा करा. योग्य माप असेल तर तो न डुगडुगता उभा राहतो, चुकीचं असेल तर सगळीकडे हलतो.

लागतात ती मापं दोनच: २ नंबर आणि ३ नंबर. कार्ब्युरेटरची वाटी, इंडिकेटर, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं झाकण इथे २. जुन्या गाड्यांच्या इंजिन कव्हरवरच्या ६ मिमीच्या स्क्रूंना ३. जिथे ३ चा लागतो तिथे २ चा लावला तर जेआयएस असूनही खाच जाणारच. आणि पेटीतली बिटं मुठीत बसवताना मध्ये अडॅप्टर येतो, त्याची स्वतःची हालचाल वेगळी. म्हणजे चुकीचा आकार, वर ढिला जोड. अखंड दांडीचा, मागे हातोडा मारता येईल असा स्क्रूड्रायव्हर या दोन मापांत घेतला की ही सगळी बिटं घरातल्या फर्निचरसाठी मोकळी होतात.

इंजिन कव्हरचा जाम झालेला स्क्रू काढायची पद्धत नीट सांगतो, कारण इम्पॅक्ट ड्रायव्हर असूनही तो चुकीचा वापरला जातो. आधी सुईने किंवा टोकदार सळईने खाचेतली माती, रंग, ऑइलची खळ पूर्ण काढा. तळाशी एक मिलिमीटर घाण राहिली तरी बिट तेवढंच वर राहतं. मग गंज सोडवणारं द्रव डोक्याच्या कडेला टाका आणि काही तास जाऊ द्या. डब्ल्यूडी-४० चा जन्म १९५३ साली धातूवरचं पाणी हटवण्यासाठी झाला. तो चालतो, पण आट्यांत झिरपण्यासाठीच बनवलेलं द्रव असेल तर ते अधिक चांगलं. नंतर योग्य बिट खाचेत ठेवून हातोड्याने सरळ खाली दोन-तीन मध्यम ठोके. याने बिट तळाशी बसतं आणि आट्यांमधला गंजही तडकतो. आता ड्रायव्हर सोडायच्या दिशेला लावा. हे झाल्यावर बहुतेक जण लगेच हातोडा उचलतात, आणि चुकतं ते इथेच. आधी ड्रायव्हरची मूठ डावीकडे पिळून आतल्या स्प्रिंगचा ताण घ्यायचा आणि तो ताण धरूनच मारायचं. ताण न घेता मारलं तर पहिला ठोका मोकळ्या फटीतच वाया जातो आणि बिट उडी मारतं. हातोडा किलोभर वजनाचा घ्या आणि एकच ठाम ठोका द्या. हलक्या हातोड्याचे वीस ठोके फक्त डोकं चेचतात. गाडी मेन स्टँडवर हवी, साइड स्टँडवर ठोक्याचा अर्धा जोर सस्पेन्शन खाऊन टाकतं. स्क्रू थोडा जरी फिरला की इम्पॅक्ट बाजूला ठेवून हाताने काढा.

तरीही नाही निघाला तर उष्णता. स्टीलच्या मानाने ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून स्क्रू नव्हे तर भोवतालचं कव्हर तापवा, तेही हॉट एअर गनने. ज्योत नको, पेट्रोलची नळी हातभर अंतरावर असते आणि आताच फवारलेलं द्रवही पेट घेणारं असतं. खाच पूर्ण गेली असेल तर डोक्याच्या कडेवर छन्नीने एक खाच पाडून, छन्नी तिरकी धरून डोकं सोडायच्या दिशेने ठोका. शेवटचा उपाय म्हणजे ६ मिमीच्या ड्रिलने डोकंच उडवणं. ऐकायला भयंकर वाटतं, पण खरं तर हा शहाणपणाचा मार्ग आहे. डोकं गेलं की स्क्रूवरचा ताण संपतो, कव्हर निघून येतं आणि बाहेर उरलेली दांडी लॉकिंग पकडीने धरून कित्येकदा सहज फिरते. उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मात्र ६ मिमीच्या खालच्या स्क्रूत घालू नका. तो कडक पोलादाचा आणि ठिसूळ असतो; आत मोडला की साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही आणि पाच मिनिटांचं काम मशीन शॉपमध्ये जातं. त्याऐवजी डाव्या दिशेने कापणारं ड्रिल वापरा, भोक पाडता पाडता तेच अनेकदा मोडका तुकडा बाहेर आणतं.

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या झाकणाचे दोन स्क्रू हा वेगळाच विषय आहे. ब्रेक ऑइल बदलायला बसलेला माणूस अडतो तो बहुधा इथेच. हे स्क्रू लहान, मऊ, आणि शंकूच्या आकाराच्या खोलगट डोक्याचे. तो शंकू झाकणाच्या शंकूत घट्ट बसतो, वरून पावसाचं पाणी खाचेत साठतं, आणि स्टील व ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते. घट्ट ठेवायचे असतात जेमतेम दीड न्यूटन-मीटरला, म्हणजे दोन बोटांच्या जोराला. पण आधीच्या कोणीतरी ते मनगटाच्या जोराने आवळलेले असतात. इथे इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरू नका. हँडलबारखाली कसलाच आधार नसतो आणि ठोका क्लॅम्पवर व लिव्हरच्या खिळीवर जातो. २ नंबरचा जेआयएस स्क्रूड्रायव्हर खाचेत उभा धरा, मागे हलका हातोडा चार-पाचदा वाजवा, मग शरीराचं वजन वरून टाकून फिरवा. जोर दाबायला तीन भाग आणि फिरवायला एक भाग, असं प्रमाण मनात ठेवा. निघाल्यावर जुने स्क्रू परत बसवू नका, स्टेनलेसचे नवे घ्या आणि शंकूवर बोटभर नव्हे, टिपकाभर ग्रीस लावा.

झाकण उघडलंच आहे तर ब्रेक ऑइलच्या बाटलीवर डॉट ३ की डॉट ४ (ही त्याची प्रत) लिहिलंय ते झाकणावरच्या अक्षरांशी ताडून पाहा. कोरड्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो; ब्रेक लिव्हर घाटात मऊ पडतो तो यामुळे. डॉट ५ सिलिकॉनचं आहे, ते या दोघांत कधीही मिसळायचं नाही. हे द्रव रंग खातं, म्हणून टाकीवर ओलं फडकं अंथरा आणि सांडलं तर पुसण्याआधी भरपूर पाणी ओता. हवा काढायच्या निपलला पेटीतली गोटी लावता येत नाही, कारण त्यावर नळी चढवायची असते. तिथे ८ किंवा १० चा रिंग पाना लागतो आणि तो पेटीत नाही. आधी रिंग पाना निपलवर, मग नळी. उलट केलं की नळी काढून पुन्हा सुरुवात.

सोडवण्याइतकंच आवळणंही या पेटीत बिघडतं. हिशेब करून पाहा. रॅचेटची मूठ साधारण १५ सेंटिमीटर. टोकाला दहा किलोचा जोर, म्हणजे फारसा जोर न लावता ओढणं, दिला तर जवळपास १५ न्यूटन-मीटर होतात. इंजिन कव्हरच्या ६ मिमी बोल्टला हवे असतात सुमारे १०. म्हणजे अजून थोडं घट्ट करू असं मनात येईपर्यंत मर्यादा मागे पडलेली असते. बोल्ट स्टीलचा, आटे ॲल्युमिनियमचे. जातात ते आटे. त्याची खूण हाताला कळते: बोल्ट कडक होत होत अचानक लोण्यासारखा मऊ फिरू लागतो. त्या क्षणी थांबा. तोच बोल्ट परत परत आवळून पाहिला की उरलेले आटेही भुकटी होऊन बाहेर येतात.

म्हणून टॉर्क रेंच हवाच, आणि त्याच्या मापात लोक फसतात. अर्धा इंची ड्राइव्हचा, २८ ते २१० न्यूटन-मीटरचा रेंच सगळीकडे मिळतो, पण मोटरसायकलवरचे बहुतेक बोल्ट त्याच्या खालच्या टोकाच्याही खाली आहेत. त्यावर १० लावताच येत नाही. क्लिकवाला रेंच आपल्या पट्ट्याच्या खालच्या पाचव्या हिश्श्यात भरवशाचा नसतो, म्हणून ५ ते २५ चा पाव इंची रेंच आधी घ्या, मोठा नंतर. पेटीतल्या गोट्या त्यावर थेट बसतात, ही या पेटीची मोठी जमेची बाजू. मुठीच्या मधोमध धरा, सावकाश ओढा, पहिल्या क्लिकला थांबा. दुसरा क्लिक ऐकायचा मोह टाळा, प्रत्येक क्लिकला बोल्ट किंचित पुढे सरकतो. सोडवायला तो वापरू नका आणि ठेवताना सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा. मॅन्युअलमधले टॉर्क सहसा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असतात. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावून तोच आकडा वापरला तर घर्षण कमी झाल्यामुळे बोल्ट प्रत्यक्षात बराच जास्त ताणला जातो.

ऑइलचा ड्रेन बोल्ट हा आटे जाण्याचा सर्वांत प्रसिद्ध पत्ता. गळतो म्हणून आवळला जातो, पण गळतो बहुतेक वेळा वॉशरमुळे. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर एकदा चेपला की त्याचं काम संपतं. प्रत्येक ऑइल बदलाला नवा टाका आणि बोल्ट मॅन्युअलच्या आकड्यालाच थांबवा. ओल्या क्लचच्या, म्हणजे क्लच इंजिन ऑइलमध्येच असलेल्या मोटरसायकलसाठी जासो एमए किंवा एमए२ (ही जपानी मानकाची खूण) लिहिलेलंच ऑइल घ्या, चारचाकी गाड्यांचं ऊर्जा-बचतीचं ऑइल क्लच घसरवतं.

आटे गेलेच तर घाबरण्यासारखं काही नाही, फक्त घाई नको. ६ मिमीच्या आट्यांसाठी तारेच्या गुंडाळीचा इन्सर्ट संच मिळतो. त्यात स्वतःचा खास टॅप (आटे कापायचं हत्यार) असतो आणि ड्रिलचं माप संचावरच दिलेलं असतं, साधारण ६.२ किंवा ६.३ मिमी. ड्रिल सरळ जाणं हेच खरं काम. कव्हर सुटं करता येत असेल तर टेबलावर करा. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे कीस तिथेच चिकटतो, अर्धा वळसा पुढे, पाव वळसा मागे असं चला. गुंडाळी पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा वळसा खाली बसली की तिची आडवी शेपटी ठोकून मोडा आणि चिमट्याने किंवा चुंबकाने बाहेर काढा. इंजिनचं भोक असेल तर ती शेपटी आत राहू देऊ नका. खरं तर असे दुरुस्त आटे मूळ ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत होतात.

स्पार्क प्लगची गोटी या पेटीत नाही, आणि १४ वरच माप संपत असल्याने जवळपासचंही काही नाही. १० मिमी आट्यांच्या प्लगला १६ ची, १२ मिमीच्याला १८ ची लागते. गाडीसोबत आलेला नळीचा पाना असेल तर तो जपून ठेवा, तो पुरेसा आहे. प्लग थंड इंजिनातून काढा, आणि बसवताना रबरी नळीचा तुकडा त्याच्या मागच्या टोकावर खोवून बोटांनी फिरवा. आटा चुकीचा पकडला तर नळीच घसरते, हेडचे आटे वाचतात. बोटांनी बसल्यावर नव्या वॉशरवाल्या प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश वळसा, जुना परत लावत असाल तर जेमतेम बारावा हिस्सा.

चाकाच्या एक्सलचे नट १७, १९, २२ किंवा २४ चे, म्हणजे तेही पेटीबाहेर. त्यासाठी अर्धा इंची दांडी आणि नेमक्या मापाच्या दोन गोट्या घ्या, आख्खा संच घ्यायची गरज नाही. पाव इंची टी-दांडीवर पाइप चढवून एक्सल सोडवायचा प्रयत्न केला तर चौकोनी टोक पिळवटून तुटतं आणि तो दोष पेटीचा म्हणता येणार नाही. चेन ताणताना स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) खुणांवर फार विसंबू नका, दोन्ही बाजूंच्या खुणा तंतोतंत जुळतातच असं नाही. पिव्होटपासून एक्सलपर्यंत दोन्हीकडे मोजा. चाक हाताने फिरवत चार-पाच ठिकाणी ढील पाहा, इंजिन बंद ठेवून, आणि सर्वांत घट्ट जागेवर मॅन्युअलमधला ढील द्या. एक्सल आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना चाक सरकतं. हे टाळायला चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये फडक्याची घडी दाबून चाक मागे फिरवा, एक्सल ॲडजस्टरला टेकून बसतो, मग आवळा. चेन बदलायची वेळ झाली का हे ढिलावरून कळत नाही. ४२८ चेनच्या एका कडीचं अंतर १२.७ मिमी, म्हणजे वीस कड्या नवेपणी २५४ मिमी. ती २५९ च्या आसपास पोचली की ताणून उपयोग नाही, स्प्रॉकेटसह बदला. जोडकडीची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेनच्या चालीच्या दिशेला.

टॅपेटचं काम, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट जुळवणं, घरी करण्याजोगं आहे आणि तिथे त्रास जास्त होतो तो संयमाचा. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभं. क्रँक मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दिशेनेच फिरवून टी-खूण (पिस्टन सर्वांत वर आल्याची) जुळवा. ही खूण फोर-स्ट्रोकमध्ये दोनदा येते. दोन्ही रॉकर हाताला किंचित खुळखुळले तरच ती कॉम्प्रेशनची, नाहीतर अजून एक पूर्ण फेरा. फिलर गेज आत सरकताना हलका ओढा लागावा, अडकू नये. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो आणि मोजलेलं माप बदलतं, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा मोजायचंच. बहुतेकांचं एवढं एकच पाऊल राहतं, आणि मग टॅपेट करूनही आवाज येतो अशी तक्रार होते. आवाज बंद व्हावा म्हणून माप कमी ठेवू नका. ढिला टॅपेट टकटक करतो, घट्ट टॅपेट गप्प राहून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जाळतो. पेटीतल्या १० च्या गोटीने लॉकनट सोडता येतो, पण स्क्रूचं चौकोनी टोक धरायला छोटं वेगळं हत्यार लागतं. पक्कड लावली तर टोक गोल होतं.

मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं चुंबकांचं चाक, काढायला त्या गाडीचाच पुलर, क्लचच्या मधल्या नटाला तो हब धरणारं साधन, फोर्कच्या तळाच्या एलन बोल्टला आतला डँपर धरणारी दांडी किंवा इम्पॅक्ट गन. ही तीन कामं पेटीच्या आवाक्यातली नाहीत आणि हातोड्याने ती करायची नाहीत. मॅग्नेटवर ठोका मारला की चुंबक तडकतात, क्रँक वाकतो, खर्च आख्ख्या इंजिनावर जातो.

पेटी घेताना दुकानातच तीन गोष्टी तपासा. १० ची गोटी नव्या, कोऱ्या बोल्टवर घालून डावी-उजवी हलवा. चार-पाच अंशांपेक्षा जास्त मोकळी वाटली तर ती पेटी ठेवून द्या. रॅचेट कानाजवळ धरून सावकाश फिरवा, प्रत्येक दात सारखा वाजला पाहिजे, दिशा बदलायची कळ मध्येच अडकता कामा नये. गोटी रॅचेटच्या टोकावर चढवून खाली धरा, आतल्या छोट्या गोळीने तिला धरून ठेवलं पाहिजे. ही गोळी ढिली असेल तर गोटी इंजिनच्या पोटात, एअर बॉक्सच्या मागे कुठेतरी राहून जाते. डब्याच्या प्लास्टिक खाचाही दाबून पाहा. त्या सैल असतील तर पहिल्यांदा उघडतानाच बिटं सांडतात. घरी आणल्यावर रॅचेटच्या मागची चकती काढून आत वाळलेली चिकट खळ असेल तर पुसा आणि ऑइलचे दोन थेंब टाका. जाड ग्रीस भरलं तर थंडीत खटकी दातात बसायला उशीर करते. १० ची गोटी सर्वांत आधी झिजेल. तिच्या तोंडाच्या कडा गोल दिसू लागल्या की पुढच्या बोल्टचे कोपरे जायची वाट न पाहता चांगल्या प्रतीची सुटी १० आणून तिच्या जागी ठेवा.